शब्दांचा भार

पेणहून अलिबागेकडे जाताना वडखळ मागे पडले की अंबा नदीची खाडी लागते. या खाडीच्या काठी धरमतर हे जुने बंदर आहे. आज खाडीवर पूल असून वाहने क्षणार्धात पैलतीर गाठतात. परंतु पूल नव्हता त्या काळी ही खाडी होडीतूनच उतरावी लागे. अशा उताराच्या ठिकाणास व तेथील होडीस मराठीत ‘तर’ म्हणत. तरणे, तारणे, तारू हे शब्द याच कुळातले. आजच्या विद्यार्थ्यास मात्र ‘तर’ म्हटले म्हणजे ‘जर’च्या जोडीने येणारे अव्ययच आठवते. उच्चार एक, लेखनही एक; परंतु एक शब्द माणसास पैलतीरास नेतो आणि दुसरा एका वाक्यास दुसऱ्या वाक्याशी जोडून देतो. कोणता शब्द कोठे व कोणत्या कामासाठी आला आहे, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ सांगता येत नाही.

गावाच्या नावात जी गोष्ट दिसते, तीच बंदरांतून आलेल्या परक्या शब्दांतही दिसते. बंदरावर माल उतरतो तशी त्या मालाची नावेही उतरतात. याच जिल्ह्यातील चौल व रेवदंडा येथे १७४० पर्यंत पोर्तुगिजांची सत्ता होती. रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावात पोर्तुगीज भाषेतून घडलेली एक बोली आजही ऐकू येते. परंतु पोर्तुगिजांची खरी खूण पाहावयाची असेल तर कोणत्याही मराठी घरात जावे. तेथे दाराची चावी आहे, पाण्याचे पिंप आहे, स्वयंपाकघरात बटाटा आहे आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हाती येणारा पगार आहे. हे सारे शब्द पोर्तुगिजांबरोबर आले. किल्ले ओस पडले, तोफा गंजल्या. चावी आणि पगार मात्र मराठीचे झाले. आता त्यांना कोणी परके म्हणत नाही.

पुढे इंग्रजी अंमल आला आणि त्याबरोबर वाफेवर चालणारी जहाजे आली. मुंबईहून निघालेली आगबोट धरमतरच्या धक्क्यास लागे व तेथून पुढचा प्रवास खुष्कीने होई. रस्ते झाले, पूल झाले आणि ही उतारूंची वाहतूक बंद पडली. पण ‘आगबोट’ हा शब्द मराठीच्या कल्पकतेची साक्ष देत राहिला आहे. त्याचा पूर्वार्ध आपला आणि उत्तरार्ध इंग्रजांचा. शिवाय ‘बोट’ हा शब्द मराठीत आधीच होता आणि तो हाताच्या पंजावर नांदत होता. तरीही कोणाचा घोटाळा झाला नाही. ‘बोट धक्क्याला लागली’, ‘पोराला बोट लागली’ आणि ‘काचेला बोट लागले’ ही तीन वाक्ये ऐकताच एकात जहाज किनाऱ्यास आले, दुसऱ्यात मुलाला समुद्रप्रवासाने मळमळू लागले आणि तिसऱ्यात काचेवर डाग पडला, हे सहज कळते. ज्याने हे उद्योग डोळ्यांनी पाहिले आहेत त्याला कोश उघडावा लागत नाही.

इंग्रजी शब्दांविषयी नेहमी एक तक्रार ऐकू येते. एकाच शब्दाला दहा दहा अर्थ असतात, तेव्हा त्यांतला कोणता खरा मानावा, असे विद्यार्थी वैतागून विचारतात. ही तक्रार अगदीच निराधार नाही. पण ती इंग्रजीलाच लागू आहे असेही नाही. मराठीत ‘लागणे’ या एका क्रियापदाचे किती अर्थ होतात ते मोजून पाहावे. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, परीक्षेचा निकाल लागतो, आंबा झाडाला लागतो आणि मुलगी नात्याने भाचीही लागते. नित्याच्या वापरातील शब्द हे कामकरी माणसासारखे असतात. ज्याला कामाची सवय आहे त्याच्याच अंगावर आणखी चार कामे येऊन पडतात. म्हणून अनेक अर्थ असणे हा शब्दाचा दोष नव्हे; तो त्याच्या उपयुक्ततेचा पुरावा होय. प्रश्न एवढाच आहे की, या कामांमधील नाते ऐकणाऱ्याने ओळखले आहे की नाही.

‘चार्ज’ हा शब्द घ्यावा. आज धरमतरच्या खाडीत उतारूंच्या आगबोटी नाहीत. कच्चा माल घेऊन येणारे बार्ज आहेत. जवळच डोलवी येथे पोलादाचा मोठा कारखाना आहे. अशा कारखान्याच्या झोतभट्टीत खनिज, कोक व चुनखडी यांचा जो भरणा करतात, त्यास ‘चार्ज’ म्हणतात. कारखान्यातून घरी परतलेला कामगार आपला मोबाइल चार्जिंगला लावतो. त्याचा शेजारी शाळेत शिक्षक असतो; मुख्याध्यापक रजेवर गेले म्हणून त्याने त्यांचा चार्ज घेतलेला असतो. दुकानदार वस्तू घरपोच करण्याचा चार्ज लावतो. पोलीस न्यायालयात चार्जशीट दाखल करतात आणि जमाव आवरला नाही तर लाठीचार्ज होतो. भट्टी, मोबाइल, मुख्याध्यापकाचे पद, दुकानाची पावती आणि न्यायालय यांचा परस्परांशी काय संबंध? वरवर पाहता काहीच नाही. परंतु या शब्दाचे मूळ शोधले तर गाठ सुटते. लॅटिन भाषेतील गाडीवाचक शब्दापासून ‘गाडीत माल भरणे’ या अर्थाचे क्रियापद निघाले आणि फ्रेंचमधून ते इंग्रजीत आले. चार्ज म्हणजे भार. भट्टीत घातला तो भार, विजेने विद्युतघटात साठवला तो भार, पदाबरोबर आली ती जबाबदारी म्हणजे भार, पैशाचा पडला तो भुर्दंड म्हणजे भार आणि आरोपीच्या माथी आला तो आरोप हाही भारच. मराठीतही पद स्वीकारणारा माणूस ‘कार्यभार’ घेतो आणि विजेच्या खात्यात ‘भारनियमन’ होते. म्हणजे इंग्रजी शब्द ज्या वाटेने चालला, त्याच वाटेने मराठी शब्दही चालला. माणसाची बुद्धी सगळीकडे सारखीच आहे. तिने वापरलेली अक्षरे तेवढी निराळी.

‘लाइन’ या शब्दाचेही तसेच आहे. लॅटिनमध्ये अळशीच्या, म्हणजेच जवसाच्या, धाग्यास जे नाव होते त्यापासून हा शब्द आला. धागा सरळ ताणला की रेघ होते. म्हणून वहीवरची ओळ ही लाइन, रेशनच्या दुकानापुढची रांग ही लाइन आणि रोह्याकडे जाणारा लोहमार्ग हीही लाइनच. एखादा मुलगा ‘शिक्षकी ही माझी लाइन नव्हे’ असे म्हणतो, तेव्हाही त्याच्या मनासमोर आयुष्याचा एक सरळ मार्गच असतो. ‘स्टेशन’ शब्द तर नात्याने आणखी जवळचा आहे. त्याच्या मुळाशी ‘उभे राहणे’ हा अर्थ असून संस्कृतातील ‘स्था’ धातू हा त्याचा दूरचा बंधू आहे. ‘स्था’पासून ‘स्थान’ आणि ‘स्थान’पासून मराठीतील ‘ठाणे’ झाले. पोलीस स्टेशनास मराठीत पोलीस ठाणे म्हणतात ते किती यथार्थ आहे! हजारो वर्षांपूर्वी पांगलेली दोन भावंडे एकाच फाटकावर पाटी होऊन पुन्हा भेटली आहेत.

मात्र सारखा दिसणारा प्रत्येक शब्द एकाच घरातला असतो असे मानणे घातक ठरते. बंदरात जहाज लावण्याच्या जागेस ‘बर्थ’ म्हणतात. कोकण रेल्वेने जाणाऱ्या प्रवाशासही रात्री निजण्यासाठी बर्थ हवा असतो. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाचे आहेत. जहाज असो वा माणूस, त्याला टेकण्यास जागा लागते. परंतु ग्रामपंचायतीत मिळणारे ‘बर्थ सर्टिफिकेट’ त्या घरातले नाही. तेथील ‘बर्थ’ म्हणजे जन्म. इंग्रजीत या दोहोंची अक्षरे भिन्न आहेत. देवनागरीत ती एक झाली. ‘बार’ या शब्दाची तऱ्हा आणखी निराळी आहे. लोखंडाची कांब, खाडीच्या मुखाशी साचलेला वाळूचा दांडा, वकिलांचा संघ आणि मद्याचे दुकान हे सारे इंग्रजी ‘बार’चे अर्थ आहेत आणि त्यांच्या मुळाशी ‘आडवा दांडा’ ही कल्पना आहे. न्यायालयात असा कठडा असे. त्याच्याशी उभे राहून वाद करण्याचा अधिकार ज्यास मिळाला तो बॅरिस्टर. पण दिवाळीत जो बार उडतो आणि कधी कधी फुसका निघतो, तो या कुळातला नव्हे. तो फारसीतून आला. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझे. बंदुकीत भरलेली दारू हे तिचे ओझे. तेव्हा शब्दाचा चेहरा पाहून त्याचे कूळ ठरवू नये, एवढे तरी या उदाहरणावरून शिकावे.

काही शब्द असे असतात की त्यांचा मूळ अर्थ कळला म्हणजे आजच्या व्यवहाराकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक वसाहत आहे. तिकडे कामास जाणारा मनुष्य ‘कारखान्यात जातो’ असे क्वचितच म्हणतो. तो ‘कंपनीत जातो’. याच मराठीने एके काळी ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यास ‘कंपनी सरकार’ म्हटले. १८८० साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर नाटक मंडळीस लोक ‘किर्लोस्कर कंपनी’ म्हणत. १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ उभी राहिली. ज्या लॅटिन शब्दांपासून ‘कंपनी’ झाली, त्यांचा अर्थ ‘बरोबर’ आणि ‘भाकरी’ असा आहे. एका भाकरीचे वाटेकरी ते सोबती आणि त्यांचा मेळ ती कंपनी. आज कंपनी म्हटले की फाटक, भोंगा आणि हजेरीची नोंद आठवते. परंतु एकत्र राबणाऱ्यांनी मिळकतीची भाकरी वाटून घ्यावयाची असते, ही आठवण त्या शब्दाने अजून जपून ठेवली आहे. ‘बजेट’ हा शब्दही असाच. रोह्याशी ज्यांचे नाव निगडित आहे, ते चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले व १९५० नंतर देशाचे अर्थमंत्री म्हणून त्यांनी संसदेपुढे अनेक बजेटे मांडली. त्या भारदस्त शब्दाचा मूळ अर्थ चामड्याची लहान पिशवी असा आहे. म्हणजे राष्ट्राचा अर्थसंकल्प आणि आजीच्या कमरेचा बटवा यांत तत्त्वतः अंतर नाही. ‘एवढे आमचे बजेट नाही’ असे गृहिणी म्हणते, तेव्हा ती शब्दाचा अगदी मूळ धर्म पाळत असते.

याखेरीज मराठीने काही इंग्रजी शब्दांस स्वतःच्या मनाजोगे अर्थ दिले आहेत. वडखळच्या नाक्यावर ज्यास हॉटेल म्हणतात, तेथे चहा, मिसळ व वडापाव मिळतो; मुक्कामास खोली मिळेलच असे नाही. इंग्रजीत मात्र हॉटेल म्हणजे प्रथम मुक्कामाची जागा. पाऊस पडला की ‘लाइट जाते’. म्हणजे दिवा कोठे जात नाही, विजेचा पुरवठा बंद होतो. तारेस हात लागला तर ‘करंट लागतो’. इंग्रजी माणसास तो करंट नव्हे, धक्का लागतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्या खात्याच्या इंग्रजी नावातील दोन आद्याक्षरे मराठीने उचलली आणि त्यांची स्त्रीलिंगी ‘एस.टी.’ केली. ती येते, चुकते, भरते आणि कधी कधी रुसतेही. हे अशुद्ध आहे काय? मुळीच नाही. पाहुणा घरी राहिला की घराचे रीतिरिवाज त्याने पाळावयाचे असतात. इंग्रजीही हेच करते. ‘मुंगूस’ हा मराठी शब्द तिने नेला, त्याचा उच्चार बदलला आणि इंग्रजी पद्धतीने त्याचे अनेकवचन केले. आज जगभरची मुले तो इंग्रजी शब्द म्हणूनच शिकतात.

तथापि येथे विद्यार्थ्याने सावध राहिले पाहिजे. मराठीत रुळलेला इंग्रजी शब्द आपणास येतो, एवढ्यावरून इंग्रजीतला तो शब्द आपणास आला असे होत नाही. आपल्याकडे रुग्ण अत्यवस्थ झाला की तो ‘सीरियस’ होतो. इंग्रजीत केवळ एवढेच म्हटले, तर तो मनुष्य गंभीर वृत्तीचा आहे किंवा थट्टा करीत नाही, असाही अर्थ ऐकणारा घेईल. मराठीच्या अंगणात वाढलेला शब्द इंग्रजीच्या बाजारात तसाच चालवू गेल्यास तो खोट्या नाण्यासारखा परत येतो. उलट, इंग्रजीतील सारे अर्थ मराठीत आणण्याचा अट्टाहासही व्यर्थ होय. दोन्ही भाषांचा मान राखावयाचा तर त्यांच्या सीमा ठाऊक असल्या पाहिजेत.

येथवर ज्या चुका सांगितल्या त्यांचा परिणाम फार तर हशा पिकण्यात होतो. परंतु असेही प्रसंग येतात की, तेथे शब्दाचा अर्थ न कळल्याने माणसाचे जन्माचे नुकसान होऊ शकते. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द घरोघरी पोहोचला. शाळेच्या भिंतीवरील सुविचारात पॉझिटिव्ह असणे हा गुण आहे. रोगाच्या चाचणीत पॉझिटिव्ह येणे म्हणजे शरीरात रोगजंतू सापडणे होय. ज्याचा शोध चालू होता ते सापडले, एवढेच तो शब्द सांगतो; सापडलेली वस्तू इष्ट की अनिष्ट हे तो सांगत नाही. हा भेद समजून दिला तरच घाबरलेला मनुष्य धीर धरतो व निष्काळजी मनुष्य काळजी घेतो.

शेतजमिनीच्या बाबतीत तर एका शब्दाचे मोल आणखी मोठे आहे. धरणे, रस्ते, लोहमार्ग व कारखाने यांसाठी रायगड जिल्ह्यात अनेक गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. अशा वेळी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने कारवाई होत असे. १ जानेवारी २०१४ पासून त्याची जागा २०१३ च्या कायद्याने घेतली. या कारवाईत ‘अवॉर्ड’ हा शब्द येतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात अवॉर्ड म्हणजे बक्षीस. येथे अवॉर्ड म्हणजे जमिनीची भरपाई ठरविणारा अधिकाऱ्याचा निवाडा. ‘इंटरेस्ट’ म्हणजे आवड असे मुलांना वाटते, बँकेत त्याचा अर्थ व्याज होतो आणि जमिनीच्या नोटिशीत त्याचा अर्थ हितसंबंध असतो. जमिनीत इंटरेस्ट असणाऱ्यांनी हजर राहावे, असे सांगितले असता ‘आपणास जमीन विकण्याची आवड नाही’ असे समजून कोणी घरी बसला, तर त्याची बाजू मांडावयाचीच राहून जाईल.

यांहूनही महत्त्वाचा शब्द ‘प्रोटेस्ट’ हा आहे. वृत्तपत्र वाचणाऱ्यास प्रोटेस्ट म्हटले की मोर्चा, घोषणा व रस्त्यावरील गर्दी आठवते. परंतु कायद्यात त्याचा अर्थ निराळा व शांत आहे. भरपाईची रक्कम आपणास मान्य नसली, तरीही ती हरकत नोंदवून घेता येते. यालाच ‘अंडर प्रोटेस्ट’ रक्कम घेणे म्हणतात. हरकत न नोंदवता पैसे घेतले, तर भरपाई वाढवून मागण्यासाठी पुढील दाद मागण्याचा हक्क उरत नाही. ही तरतूद १८९४ च्या कायद्यात होती आणि २०१३ च्या कायद्यातही आहे. ज्या शेतकऱ्यास प्रोटेस्ट म्हणजे केवळ मोर्चा असे वाटते, तो ‘आपणास भांडण नको’ असे म्हणून मुकाट्याने अंगठा उठवील आणि त्या क्षणी आपला हक्क गमावून बसेल. पिढ्यान्‌पिढ्या राबून राखलेली भातशेती आणि कागदावरचे दोन परके शब्द यांची अशी गाठ पडते. म्हणून शब्दांचा अर्थ हा केवळ परीक्षेतील गुणांचा विषय नव्हे.

पेण तालुक्याने याची दुसरी बाजूही दाखवून दिली आहे. २००५ साली विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा झाला आणि त्यानंतर पेण, उरण व पनवेल तालुक्यांतील जमिनींवर असे एक क्षेत्र उभारण्याची योजना पुढे आली. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून ‘सेझ’ हा शब्द झाला. आरंभी तो कोणास कळत नव्हता. परंतु गावोगावी लोकांनी विचारणा केली, सभा घेतल्या आणि त्या तीन अक्षरांच्या पोटात काय आहे ते समजून घेतले. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील वीसहून अधिक गावांतील शेतकऱ्यांचे मत मतदानाने अजमावण्यात आले. योजना योग्य होती की अयोग्य, हा येथील प्रश्न नव्हे. शेतकऱ्यांनी त्या परक्या शब्दापुढे मान तुकवली नाही की त्याला हसण्यावारीही नेले नाही. त्याचा अर्थ त्यांनी विचारला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. अर्थ कळला तेव्हाच होय अथवा नाही म्हणण्याचे सामर्थ्य त्यांच्या अंगी आले.

परक्या शब्दांचे काय करावे, हा वाद महाराष्ट्रात जुना आहे. याच जिल्ह्यातील रायगडावर १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यांच्याच आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला व कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. दिनांक, महापौर असे शब्द त्या चळवळीतून रूढ झाले. माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथही लिहिला. राज्याची स्थापना झाल्यावर १९६० मध्येच शासनाने भाषा संचालनालय स्थापले. या सर्वांचे ऋण मोठे आहे. तरीही अर्ज, वकील, जमीन, सरकार हे फारसी-अरबी शब्द मराठीतून गेले नाहीत आणि आता ते जाऊही नयेत. कारण ज्याला ‘अर्ज’ कळत नाही असा मराठी मनुष्य विरळा.

या वादात दोन टोके आढळतात. एक पक्ष म्हणतो, परका शब्द दिसताच घालवावा. दुसरा म्हणतो, लोकांना इंग्रजी शब्द सवयीचे झाले आहेत, मग मराठी पर्यायांची उठाठेव कशास? पहिल्या पक्षाने हे ध्यानात घ्यावे की, संस्कृत शब्द योजला म्हणजे तो आपोआप सुबोध होतो असे नाही. ‘भूसंपादन’ शब्दातील ‘संपादन’ पाहावे. विद्या संपादन करतात, वृत्तपत्राचे संपादन करतात आणि शेतकऱ्याची जमीनही संपादन करतात! तेथेही ज्याला अर्थ सांगितला नाही तो अंधारातच राहणार. दुसऱ्या पक्षाने हे ध्यानात घ्यावे की, शब्द कानावर पडणे आणि त्याचा अर्थ कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘अवॉर्ड’ सर्वांनी ऐकलेला असतो. निवाडा या अर्थाने तो किती जणांना ठाऊक असतो?

म्हणून शब्द देशी की परका, ही कसोटी अपुरी आहे. तो शब्द ज्याच्यासाठी उच्चारला त्याला कळतो काय आणि न कळल्यास नुकसान कोणाचे होते, ही खरी कसोटी होय. चहाच्या दुकानास हॉटेल म्हटल्याने कोणाचे काही जात नाही. ते खुशाल म्हणावे. परंतु औषधाची चिठ्ठी, बँकेचा करार, न्यायालयाची नोटीस व जमिनीचा कागद यांत जो शब्द येईल, त्याचा अर्थ सरळ मराठी वाक्यात सांगितलाच पाहिजे. तेथे ‘हरकत राखून रक्कम घेतली’ असे चार मराठी शब्द लिहिल्याने कागद लांबत नाही; उलट एका कुटुंबाचा हक्क शाबूत राहतो. हे काम अधिकाऱ्यांचे, वकिलांचे व डॉक्टरांचे आहे आणि ते करणे ही कृपा नसून त्यांचे कर्तव्य आहे.

विद्यार्थ्यांच्या वाट्यासही यातले काही काम येते. मोल्सवर्थ साहेबाने पंडितांच्या व सहकाऱ्यांच्या साहाय्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती काढली. परक्या मुलखातून आलेला मनुष्य मराठीचा एकेक शब्द आणि त्याचे नाना अर्थ इतक्या चिकाटीने गोळा करू शकला, तर या मातीतल्या मुलांस आपल्या घरात येणारे इंग्रजी शब्द टिपून ठेवणे अवघड का वाटावे? बंदरावर काम करणारा काका, रुग्णालयात परिचारिका असलेली आत्या, पेणेस गणपतीच्या मूर्ती घडविणारा शेजारी, धाटावला पाळीवर जाणारा भाऊ, हे सारे चालतेबोलते कोश आहेत. त्यांच्या तोंडी आलेला इंग्रजी शब्द लिहून घ्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत: हा शब्द कोणाच्या धंद्यातला? तो तेथे कोणते काम करतो? आणि तोच शब्द दुसरीकडे निराळे काम करतो काय? अशी एक वही वर्षभर भरली, तर तिच्यातून इंग्रजी तर शिकता येईलच. परंतु आपल्या गावचे सारे उद्योग आणि ते करणारी माणसेही कळू लागतील.

पेण तालुक्यातील गागोदे या लहान गावी १८९५ साली विनोबांचा जन्म झाला. संस्कृतातील गीता साध्या मराठीत असावी, ही आपल्या आईची इच्छा त्यांनी मनात जपली आणि ‘गीताई’ लिहून ती पुरी केली. ते स्वतः अनेक भाषांचे जाणकार होते. तरी ज्ञान कळावयाचे ते आईच्या भाषेत, हे ते विसरले नाहीत. जो अधिक शिकला त्याने कमी शिकलेल्यास अर्थ सांगावा, यातच शिक्षणाचे सार्थक आहे. घरी एखादी नोटीस आली आणि आजोबांनी ती नातवापुढे धरली, तर त्याने तीतला इंग्रजी शब्द नुसता ठणठणीत वाचून दाखवू नये. त्याचा या कागदावरचा अर्थ काय, हे त्याने सांगावे; आणि ते ठाऊक नसेल तर ‘विचारून येतो’ असे म्हणून, सही होण्यापूर्वी, जाणत्या माणसाकडे जावे.